ताई, त्या महागड्या बेटाबद्दल

गुदैबिया, बहारीन

प्रिय मथुराताई,

हे पत्र गुंडूच्या हाती देतो आहे. आपल्या वाडीतला गुंडू, इथे सलमाबादला ट्रेलर चालवतो, तोच. रजेवर निघाला आहे आणि त्याच्या खोक्यात त्याने मला वीतभर जागा दिली. त्यात खजूर, बदाम, भावोजींचं दाढीचं क्रीम आणि हा लिफाफा एवढं बसवलं. खोकं मागाहून सोड, लिफाफा आधी वाच. फोनवरच सांगितलं असतं, पण मालदीवचा विषय निघाला की तू "बरां, ठेवतंय" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. कागद काही तुला मध्येच बंद करता येणार नाही.

तर पहिली बातमी, जी तुला अर्धीच ठाऊक आहे. दिवाळी झाली की मी आणि दीप्ती मालदीवच्या त्या डायव्हिंगच्या बेटावर जाणार हे पक्कं झालं. रजा मंजूर झाली, खोली ठरली, काल तिकिटं आली. मी इतका खुशीत आहे की ऑफिसात कोणी पत्ता विचारला तरी मी बेटाचाच सांगेन! तुझा राग मला कळतो. आखातातल्या माणसाची रजा म्हणजे गाव, इतक्या वर्षांत आम्ही दुसरीकडे पाऊल टाकलं नाही, आणि आता गाव सोडून भलतीकडे. पण त्या बेटावर आपली भक्ती, तुझी लेक, काम करते. तिचं नाव तुझ्यासमोर उच्चारायचं नाही असा तुझा हुकूम आहे. लिहायला तू मनाई केलेली नाहीस, म्हणून लिहितो. बँकेची नोकरी सोडून पोरगी पाण्यात उड्या मारायला गेली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू तिचा फोन उचललेला नाहीस. मला काय हवं आहे ते आडवळणाने कशाला सांगू? तू तो उचलावास, एवढंच.

पण आधी तुझा मुद्दा घेतो. तू विचारलंस, "इतके पैशे घेवन तुमका सोन्याचे मासे दाखवतत काय?" प्रश्न रास्त आहे. आमच्या ऑफिसातला जयेश गेल्या वर्षी तिथे जाऊन आला. तो अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे त्याला आनंदसुद्धा आधी तपासून घ्यावा लागतो. तो म्हणाला, "सर, मफी फायदा, काही उपयोग नाही. शेजारच्या बेटावर साध्या गेस्टहाउसात राहा. समुद्र तोच, मासे तेच, माशांना काय ठाऊक तुम्ही कुठे उतरलात?" मी बरंच वाचलं, इथल्या पाणबुड्यांना विचारलं, आणि मला जयेशचं पटलं. नुसते मासेच बघायचे असतील तर तिथे जाऊ नये. खोलीच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात, नाश्त्याला नको इतके प्रकार असतात, गाद्या इतक्या मऊ की दीप्तीची पाठ दुखायला लागेल. हे सगळं मिळून त्या पैशांचं होत नाही. फरक एकाच गोष्टीत आहे, तो पुढे सांगतो.

तू मनात म्हणत असशील, याला पोहता कुठे येतं. येत नव्हतंच. आपला भाऊ बाळाजी खाडीत बुडाला तेव्हा मी इतका लहान होतो की मला त्याचा चेहराही धड आठवत नाही. पण तू मोठी होतीस. काळोख पडेपर्यंत तू धक्क्यावर उभी होतीस आणि तुला उचलून घरी आणावं लागलं, हे मी आईकडून ऐकलं आहे. त्यानंतर आईने नियम घातला आणि आपण सगळ्यांनी तो पाळला. समुद्र अंगणात, आणि घरातल्या एकालाही पोहता येत नाही! विसर्जनालासुद्धा आपले पुरुष घोटाभर पाण्यात थांबतात आणि गणपती शेजाऱ्यांच्या हाती देतात. गावात त्याला कोणी हसत नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत आहे. पण डायव्हिंगच्या बेटावर खोली ठरवून मग पोहण्याच्या क्लासची चौकशी करणारा माणूस आपल्याच घरात निघायचा. दीप्तीने विचारलं, "आपण तिथे जाऊन काय करणार? पाय बुडवून बसणार?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग जुफैरच्या एका हॉटेलच्या तलावावर नाव घातलं. शिकवणारी अस्मा. बहारिनी आहे, पस्तिशीची, आवाज असा की मीना सलमान बंदरातल्या भोंग्याने लाजावं. तिचे आजोबा मोत्यांसाठी बुड्या मारायचे. पहिल्या दिवशी मी काठाला पालीसारखा चिकटलो आणि म्हटलं, "उद्या करतो, इंशाल्ला." ती म्हणाली, "इंशाल्ला खलास. अभी." आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. दीप्ती माझ्या आधी तरंगली, ती पुणेरी असूनसुद्धा. अस्माने तिला अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख आणून दिला, तेव्हापासून बाई पाण्याबाहेर यायला तयार नसते. मी मात्र मास्कवर अडलो. घातला की पाणी आत. मला वाटलं मास्क वाईट. अस्माने माझ्या मिशीवर बोट ठेवलं. मिशीमुळे तो नीट चिकटत नाही म्हणे. दोन आठवडे व्हॅसलिन फासून बघितलं आणि शेवटी ताई, मी मिशी काढली. दीप्ती म्हणाली, "लग्नात माझ्या आईने सुचवलं तेव्हा नाही काढलीस, आता माशांसाठी काढतोस?" गुंडूने मला परवा लिफ्टमध्ये ओळखलंच नाही.

आणि गेल्या शुक्रवारी खरा समुद्र! मुहर्रकहून बोट निघाली. पाठीवर टाकी घेऊन कठड्यावर बसलो आणि तो दोन्ही हातांनी पकडून ठेवला. बाळाजी आठवला. मग अस्मा म्हणाली, "यल्ला," आणि मी मागच्या मागे पाण्यात पडलो. पहिली काही मिनिटं फक्त माझ्याच श्वासाचा आवाज, कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा. मग तळ दिसला. गवत, शिंपले, आणि गवतात सोंडांसारखे पाय हलवत एक म्हाकूल. जिवंत म्हाकूल, ताई! जन्मभर आपण ते ताटात पाहिलं. ते माझ्यासमोर थांबलं, तपकिरी होतं ते पांढरं झालं, मग अंगावर पट्टे आले, आणि मला फार महत्त्व न देता निघून गेलं. मी पाण्याखाली हसलो, त्यामुळे मास्कमध्ये पाणी शिरलं, आणि ते शिकवल्याप्रमाणे बाहेरही काढलं. वर आल्यावर माझी बडबड थांबेना. अस्मा शेवटी दीप्तीला म्हणाली, "इसका टाकी खतम, बात नहीं खतम."

आता त्या एका फरकाविषयी. पाण्यात उतरण्याआधी अस्मा प्रत्येकाचा प्रत्येक पट्टा ओढून बघते, हवा तपासते. खाली कोणालाही एकटं राहू देत नाही. दीप्ती माझ्याकडे बघणार, मी दीप्तीकडे, आणि अस्मा दोघांकडे. माझा श्वास जरा जोरात चालला की ती समोर हजर, हात धरून, डोळ्यांत डोळे घालून, मी शांत होईपर्यंत. वर आल्यावर सगळी डोकी मोजल्याशिवाय ती स्वतः शिडी चढत नाही. भक्ती तिथे हेच करते. आपल्या मनात चित्र असं, की पोरगी लोकांना खोल पाण्यात घेऊन जाते. मी मात्र एका बाईला माझ्यासाठी हे काम करताना पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की भक्ती दिवसभर माणसांना सुखरूप वर आणते. त्या बेटावर एका इन्स्ट्रक्टरच्या हाती थोडीच माणसं देतात, डॉक्टर बेटावर राहतो, बोटीत ऑक्सिजन असतो. जास्तीचे पैसे बरेचसे याचे आहेत.

आणि खरं सांगू? हे तूच मला शोधायला लावलंस. गेले दोन महिने तू फोनवर रिसॉर्टला नावं ठेवता ठेवता काय काय विचारलंस ते आठव. "जेवक काय घालतत, मासे तरी ताजे आसतत?" "बेटार डॉक्टर आसता?" "खोलयेक आतून कडी आसता काय?" मी दीप्तीला म्हटलं, ताईला आपली फारच काळजी. ती म्हणाली, "अरे वेड्या, आपण चार रात्रींसाठी जातोय. कडीची चौकशी चार रात्रींसाठी करतात का?" तर उत्तरं घे. मासे ताजे. डॉक्टर आहे. कामाच्या लोकांच्या खोल्या वेगळ्या आहेत, भक्तीच्या खोलीत एक श्रीलंकेची मुलगी आहे, आणि आतून कडी आहे. मी तिलाच विचारलं. तिने मला विचारलं, "मामा, हे कोणाला हवंय?" मी म्हटलं मला. तिने लगेच कडीचा फोटो काढून पाठवला.

आता पत्राचं कारण. त्या बेटावर कामाच्या माणसांना घरच्यांना आणता येत नाही, पाहुणा होऊनच पाय ठेवावा लागतो. मी पैसे भरले ते त्या एका पावलाचे, आणि खोली तीन माणसांची घेतली आहे. तिसरं नाव तुझं. लिफाफ्यात तुझं मुंबई ते माले तिकीट आहे. तुझा पासपोर्ट आमच्याकडे आली होतीस तेव्हाचा आहे, अजून चालतो. भावोजींनी तो कपाटातून काढून मला फोटो पाठवला, त्यांना ओरडू नकोस. ते तुला मुंबईच्या विमानात बसवतील, आम्ही मालेला दारातच उभे असू. मी बिनमिशीचा आहे हे लक्षात ठेव. भक्तीला यातलं काही सांगितलेलं नाही. तू नाही आलीस तर तिला कधी कळणारही नाही, हे वचन. तुला पाण्यात कोणी उतरवणार नाही. बोटीला छप्पर आहे, तू सावलीत बस. आधी बुडबुडे दिसतील, त्यांच्याकडे बघत राहा. मग ती वर येईल. तेव्हा शिडीपाशी तू असावीस एवढंच मला वाटतं.

तुझाच,
सुयोग