बाबांचा सोन्याचा दात

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक. फक्त बाबांना वरचा पुढचा दात सोन्याचा बसवायचा आहे. डॉक्टरीणबाईंनी पांढरा दाखवला, शेजारच्या दातांशी अगदी जुळणारा. बाबा म्हणाले, जुळणारा नको, दिसणारा हवा. बाईंनी मला ऑफिसात फोन करून हळूच विचारलं, घरी सगळं बरं आहे ना म्हणून. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हे काय खूळ? आईच्या डोळ्यांची काळजी आहेच, त्यात हे. तू इतिहास शिकवतोस, तुझं ते ऐकतात. निदान ऐकल्यासारखं करतात. तेवढं बघ, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझी ताई

९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

ताईने मला काहीही कळवलेलं नाही, असं समजून वाचा. सोनं गंजत नाही, म्हणून इजिप्तच्या लोकांनी त्याला देवांचं मांस मानलं आणि मेलेल्या राजाच्या तोंडावर चढवलं. इतरत्र ते सत्तेची खूण झालं, म्हणून मुकुट. जिंकल्याची खूण झालं, म्हणून पदक. यांपैकी तुम्हाला नेमकं काय हवंय? अमर व्हायचं असेल तर आधी बीपीची गोळी वेळेवर घ्या. गल्लीतले लोक तुम्हाला रिटायर झालेला स्मगलर समजतील. पांढराच बसवा. राग मानू नका, लोभ कमी करू नका.

आपला धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तास चांगला घेतलास. राजांचं राजांपाशी. तुझ्या आईला आता चेहरा दिसत नाही, नुसता उजेड आणि चकाकी दिसते. मी हसतो ते आवाज न करता, हे तुला माहीत आहे. त्यामुळे हल्ली ती काहीतरी गमतीचं सांगते आणि मग विचारते, रागावलात का. मी नाही म्हणतो. नाही म्हणणारा माणूस रागावलेलाच वाटतो. गेल्या आठवड्यापासून तिने गमती सांगणं बंद केलं आहे. पांढरा दात तिच्या काय कामाचा? मंगळवारी सोन्याचा बसवतोय. ताईला कारण सांगू नकोस, रडत बसेल. सुखी राहा, पत्र टाकत जा.

बाबा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

दात बसला. कारण मला कळवलंस ते बरं केलंस. मी रडले नाही, फक्त अर्धी रजा टाकली. आता आईची तक्रार आहे. काल खिडकीशी बसून ती वरच्या मजल्यावरच्या बाईंची नक्कल करत होती. मध्येच थांबली आणि मला म्हणाली, मी बोलत असताना हे हसतात. मी सांगितलं, ते पहिल्यापासूनच हसतात, मधे तुला दिसत नव्हतं इतकंच. मग खुर्ची बाबांकडे वळवून तिने नक्कल पुन्हा सुरुवातीपासून केली. बाबांचा जबडा दुखतोय. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दाताचा त्यात काही दोष नाही म्हणाल्या. लोभ आहेच, वाढला तरी चालेल.

तुझी ताई