दुकानाची पत

बाबा,

तुम्ही गेल्यावर मला पहिल्यांदा ढसाढसा रडवलं ते तुमच्या रुईवाल्या शेटजींनी. तेरवी आटोपली आणि मी सकाळीच त्यांच्या जिनिंगच्या कारखान्यावर गेले, तुम्ही जायचात तशी. लग्नसराई तोंडावर आली होती. आंदणाच्या गाद्यांच्या ऑर्डरी तुम्ही घेऊन ठेवलेल्या, लोकांनी आगाऊ पैसे दिलेले, आणि आपल्या पिंजणाच्या मशीनखाली मूठभर रुई शिल्लक नव्हती. शेटजींनी खुर्ची दिली, तुमच्या आठवणी काढल्या, चहा मागवला. त्यांच्याकडचा चहा आला की उधारीचा सौदा पक्का, मग कागद नको की सही नको, हे लहानपणापासून तुमच्याच तोंडून ऐकलेलं. त्यामुळे कप हातात आला तेव्हाच मी मनातल्या मनात सुटले. पण चहा संपला तरी गाडी भरायला हमालाला हाक जाईना. मग ते खाली पाहून म्हणाले, "पोरी, वाईट नको मानू. माल मी तुह्या बापाले देत होतो, दुकानाले नाई." आर्वीत आपलं दुकान इतकी वर्षं उभं आहे, आणि त्या माणसाच्या लेखी ते कधी नव्हतंच! मी तिथून पायी घरी आले. शेटजी तरी काय चुकीचं बोलले? राग मला तुमचा आला, आणि गेलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं, म्हणून रडले.

कारण हे मी तुम्हाला आधी सांगून पाहिलं होतं. मला तो स्वयंपाकघरातला दिवस आजही दिसतो. तुम्ही दुकान बंद करून आलात, भुवयांना रुईचे तंतू चिकटलेले, दारातच खांद्यावरच्या दुपट्ट्याने अंग झटकता, आणि गल्ल्यातले पैसे न मोजता आईच्या हाती देता. ते तुरीच्या डाळीच्या डब्यात जातात. त्याच डब्यातून दूधवाला, माझी वर्ध्याच्या कॉलेजची फी, गादीच्या कापडाचे तागे, मशीनचा पट्टा, पाहुण्यांचं लुगडं. मी नुकती बी.कॉम. झालेली, तोंडात नवे नवे शब्द. मी म्हणते, बाबा, दुकानाचं खातं वेगळं काढू या, दुकानाच्या नावाने माल घेऊ या, कर्जही त्याच्याच नावाने. तुम्ही ताटावरून हात उचलता. "काऊन? दुकान काय शेजाऱ्याचं आहे? दुकान म्हंजे मीच ना! मले माह्यापासून वेगळं करून राह्यली का तू?" आवाज चढलेला. आई पोळी लाटता लाटता हसते आणि म्हणते, "शिकोलं ना तिले, तं आता आयका." त्या रात्री तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी मोठ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर आणून माझ्यापुढे ठेवलात, "घे, मांड वेगळं वेगळं." मी खूश. पुढे कळलं, त्याचे पैसेही डब्यातलेच.

आणि मग तुम्ही राहतं घर तारण ठेवून नवी मशीन घेतलीत. कर्ज तुमच्या नावावर, घर तुमच्या नावावर, खातं तुमच्या नावावर. आईला सांगितलंत ते बँकेतून परत आल्यावर, तेही हातपाय धुता धुता. तुम्हाला कधी वाटलंच नाही की माणूस एका दुपारी छातीत कळ येऊन जातो आणि हप्ता मात्र पुढच्या महिन्यातही येतो. तुम्ही गेलात आणि खातं गोठलं. वारस म्हणून लावलेलं नाव नाही, म्हणजे कागद करा, शपथपत्रं करा, थांबा. दुकानाचा सगळा पैसा त्याच खात्यात अडकलेला. बँकेतल्या बाई भल्या होत्या, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "तुमच्या दुकानाला आमच्याकडे काही ओळखच नाही हो. ओळख होती ती तुमच्या वडिलांची." इकडे आई अंगण झाडता झाडता थांबायची आणि मला विचारायची, "घर जाईन का व बाई?" मी नाही म्हणायची. ती पुन्हा झाडू लागायची आणि पुन्हा थांबायची. बी.कॉम.नंतर लागलेली नागपूरची नोकरी मी सोडली ती तिच्या या प्रश्नापायी. साठवलेल्या पैशांतून हप्ते भरले, रोख देऊन थोडी थोडी रुई आणली. ज्यांच्या गाद्या झाल्या नाहीत त्यांच्या दारी जाऊन आगाऊ रक्कम परत केली. एका नवरीच्या बापाने पैसे घेतले आणि पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग मी तेच केलं, ज्याच्यासाठी तुम्ही माझ्यावर ओरडला होतात. सी.ए.ने सांगितलं, नुसती पाटी बदलून काही होत नाही, कंपनी काढा. आईने आणि मी मिळून काढली. नाव तुमचंच ठेवलं, आई दुसरं काही ऐकायलाच तयार नव्हती. पण पॅनकार्ड कंपनीचं, जीएसटी कंपनीचा, चालू खातं कंपनीचं. त्या खात्यातून थोडी मुदत ठेव करून तिच्यावर छोटंसं कर्ज घेतलं, गरज नसताना. नुसतं वेळेवर फेडून दाखवायला! तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पोरगी येडी झाली. शेटजींकडे पुन्हा गेले आणि म्हटलं, बिल कंपनीच्या नावाने फाडा, महिन्याची मुदत द्या, आणि एकदा जरी उशीर झाला तर मला दारात उभं करू नका. या वेळी हमालाला हाक गेली. सगळ्यात कठीण गेलं ते घरात. डब्यात गल्ला येणं बंद झालं. मी आईच्या खात्यात महिन्याचा पगार टाकला तर तिचं तोंड फुगलं, "मी काय तुह्या दुकानात कामाले आहो?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुमच्याच घरातली रीत. आता मात्र पगार एक दिवस उशिरा झाला की मला ऐकवते.

वर्षं गेली. तुम्ही घेतलेली मशीन फारच कुरकुरायला लागली तेव्हा मी नव्या मशीनसाठी बँकेत गेले. आता तिथे साहेब नवे. ते सहज बोलून गेले, "घर तारण आहेच ना आमच्याकडे? त्याच्यावरच वाढवून घ्या, लवकर होईल." म्हटलं, साहेब, घर आईचं आहे आणि मशीन कंपनीची. घ्यायचीच असेल तर मशीन तारण घ्या. त्यांनी कंपनीचं सगळं काढून पाहिलं, किती घेतलं, कधी फेडलं. जामीन म्हणून माझी सही लागली, ती लागणारच होती. घर नाही लागलं. साहेब म्हणाले, "दुकानाची पत चांगली आहे." मला त्या खुर्चीत बसून जोरात ओरडावंसं वाटलं. आणि लगेच ध्यानात आलं, त्या सगळ्या नोंदींत, एक नाव सोडलं तर, तुम्ही कुठेच नव्हतात. मी तुम्हाला तुमच्यापासून वेगळं करून टाकलं होतं.

मागच्या आठवड्यात घरावरचं जुनं कर्जही फिटलं. बँकेने कागद परत दिले, मी ते आईच्या हातात ठेवले. वाटलं होतं ती रडेल. तिने पदराने हात पुसले, कागद उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "तुहे बाबा असते तं उद्याच पुन्हा बँकेत नेऊन ठेवले असते." आम्ही दोघी हसलो. हसता हसता ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

हे पत्र काही टपालात टाकायचं नाहीच, पण मी ते आईलाही वाचून दाखवणार नाही. ती गल्लीभर सांगत फिरते आहे की लेकीने घर वाचवलं, तिचा आनंद मला मोडायचा नाही. तुम्हाला मात्र खरं सांगते, बाबा. तुम्ही असतात आणि उद्या सकाळी "चाल व बँकेत" म्हणाला असतात, तर मी खूप भांडले असते. आणि मग घराचे कागद मांडीवर घेऊन, तुमच्या मागे गाडीवर बसून, मुकाट्याने आले असते.