अठरा अंश

शीबोटन,
१४ जुलै १९९३

चि. गुन्वोर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद वि. वि.

आम्ही शनिवारी सुखरूप पोचलो. वाटेत दोनदा रेनडियरांच्या कळपासाठी थांबावं लागलं. आर्विड व्याह्यांनी तेवढ्यात फिल्मचा एक अख्खा रोल संपवला. विहीणबाई म्हणाल्या की जनावरं बघायची तर आधी यांचा कॅमेरा काढून घ्यायला हवा. आमची मारिट तुझ्याकडच्या मोरांब्याची बरणी मांडीवर घेऊन बसली होती, शेवटपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. तिचं लग्न सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी नक्की झालं आहे. तुला यावंच लागेल. कुत्र्यांचं कोण बघणार ही सबब मी ऐकणार नाही.

तुझ्या डोळ्याची पट्टी सुटली का? डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं असताना तू बादल्या उचलत असशील, मला माहीत आहे.

तुझी रीपा गेली, ते फार मनाला लावून घेऊ नकोस. मी तिथे सांगितलं तेच पुन्हा सांगतो. पहाटे पाचला चांगला गारवा होता. तुझी चाकांची गाडी काढली, कुत्री जुंपली, तळ्यापर्यंत छोटी फेरी केली आणि परत येताना ती कोसळली. ती सकाळपासूनच जरा मलूल दिसत होती. आपल्या हाती काय असतं?

इकडे होडीच्या डागडुजीचं काम बरंच साचलं आहे. प्रार्थनागृहाचं छपरही मलाच बघायचं आहे.

भावावर माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा,
हागबार्ट

*

पास्विक,
२० जुलै

ती. हागबार्ट दादास,
सा. न. वि. वि.

पट्टी सुटली. आता दोन्ही डोळ्यांनी बघते आणि आवार किती घाण झालंय ते दिसतं. बादल्या मी उचलत नाही, ढकलत नेते. ते डॉक्टरांनी मना केलेलं नाही.

दादा, माझं मन फार खट्टू आहे. गुरांचे डॉक्टर परवा येऊन गेले. तू सांगितलंस ते सगळं मी त्यांना सांगितलं, म्हणजे पहाटेची वेळ, गारवा, छोटी फेरी. ते म्हणाले की सहा वर्षांची धडधाकट कुत्री अशा फेरीत कोसळली तर हृदयाचाच दोष असणार, आणि तो बहुतेक रक्तातून आलेला. माझी मान खाली गेली. चौदा वर्षं मी कुत्री पाळते, लोकांना शहाणपण शिकवते, आणि माझ्या सगळ्यात पुढे धावणाऱ्या कुत्रीचं दुखणं मला कळलं नाही. तुला एका सकाळीत ती मलूल दिसली आणि मला सहा वर्षांत दिसली नाही.

तेव्हा ठरवलं आहे. रीपाच्या तीन पिल्लांपैकी नर खाली नदीकाठच्या शेतावर राखणीला देते. दोन्ही माद्यांचं ऑपरेशन करून घेते, म्हणजे हा दोष पुढे जाणार नाही. डॉक्टर पाच ऑगस्टला येणार आहेत. बाबांनी आणलेल्या कुत्रीपासून चालत आलेलं घराणं इथे संपेल. वाईट वाटतं, पण जाणूनबुजून आजारी जनावरं जन्माला घालणं हे पाप आहे, असं बाबाच म्हणाले असते.

लग्नाला येते. मला नाचायला लावू नका म्हणजे झालं. तुमच्या प्रार्थनागृहाच्या मंडळींत नाच नसतोच म्हणा, तेवढं एक तुमचं बरं आहे.

लोभ आहेच, पत्रही असू दे.

तुझी,
गुन्वोर

*

शीबोटन,
२४ जुलै

चि. गुन्वोर हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. मला वाटतं तू घाई करते आहेस. डॉक्टरांनी रीपाला तपासलं नाही, नुसतं ऐकून सांगितलं. एका कुत्रीवरून सगळं घराणं कशाला बुडवायचं? पिल्लं अजून लहान आहेत. एक हिवाळा जाऊ दे, धावताना बघ, मग ठरव. जनावराच्या बाबतीत कधी कधी काहीच कारण नसतं. झालं ते झालं म्हणून सोडून द्यावं.

इकडे ऊन चांगलं आहे, गवत कापून वाळत घातलं आहे. मारिटच्या लग्नाचा पोशाख शिवून होत आला.

पिल्लांची घाई करू नकोस, एवढं थोरल्या भावाचं ऐक.

तुझा,
हागबार्ट

*

पास्विक,
२८ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

थोरल्या भावाचं ऐकते, पण थोरल्या भावाने कुत्री सोडून होड्या धरल्याला तीस वर्षं झाली. कारण नसतं म्हणे! सोळा अंशाच्या वर मी गाडी काढत नाही त्याला कारण आहे. पळण्याआधी माशाचं पाणी पाजते त्याला कारण आहे. धडधाकट कुत्री गारव्यात मरते त्यालाही कारण असतं. एरवी तू साध्या खिळ्यालाही तो का वाकला म्हणून विचारतोस, मग आताच सोडून दे कसं सुचलं?

रीपाची आधीची पिल्लं ज्या दोघांकडे आहेत, त्यांनाही कळवणार आहे की आईत दोष होता, जपून राहा. लाज वाटते लिहायला. एक पत्र तीनदा फाडलं.

चिडून लिहिलंय, पण माया तीच आहे.

गुन्वोर

*

शीबोटन,
३१ जुलै

प्रिय गुन्वोर,

आशीर्वाद लिहायला हात उठत नाही, म्हणून या वेळी लिहीत नाही.

रीपात काही दोष नव्हता. पिल्लांना हात लावू नकोस. कोणाला पत्र लिहू नकोस. आधी एवढं वाच आणि मग पुढचं वाच.

आम्ही पहाटे पाचला गेलो नाही. साडेअकराला गेलो. तू आदल्या दिवशी दवाखान्यात गेलीस. जाताना मला म्हणालीस की गाडी काढायची तर पहाटेच, आणि अंश बघून. सकाळी आम्ही उशिरा उठलो. न्याहारीला आर्विड व्याही म्हणाले की हागबार्ट, तुम्ही लहानपणी कुत्री हाकायचात म्हणता, पण आम्ही तुम्हाला फक्त होडीला डांबर फासतानाच पाहिलंय. सगळे हसले. मारिटही हसली. ते काही वाईट बोलले नव्हते. पण मी उठलो आणि अंश बघायला गेलो. सावलीत अठरा होते. मी परत आत गेलो, कॉफी प्यायलो, पुन्हा बघायला गेलो. अठराच होते. तरी जुंपली.

माशाचं पाणीही पाजलं नाही. बादली कुठे असते ते शोधायला लागलं असतं आणि ते सगळे गाडीत बसून वाट बघत होते.

तुला आठवतं ना, बाबा म्हणायचे की कुत्र्याकडे बघू नका, दोरीकडे बघा. दोरी ताठ आहे तोवर कुत्रा ठीक आहे. मी तेच केलं. मागच्या दोघांची दोरी लोंबायला लागली तेव्हा मी त्यांना आळशी म्हणून ओरडलो. रीपाची दोरी शेवटपर्यंत तारेसारखी ताठ होती. मी आर्विडना अभिमानाने दाखवली, म्हटलं ही बघा, ही दमतच नाही. गुन्वोर, ती दोरी ढिली सोडणारी कुत्रीच नव्हती. तिच्याबाबत दोरी बघून काही कळत नाही, हे तुला माहीत होतं. बाबांच्या हाताखालच्या कुत्र्यांवरून मी तिला ओळखायला गेलो.

अजून एक आहे, ते मला सगळ्यात जड जातं. तळ्याच्या वळणावर सगळी कुत्री पाण्याकडे ओढायला लागली. त्यांना पाणी हवं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण आर्विडना टेकडीवरून फोटो हवा होता. मी ब्रेक दाबून धरला, त्यांना नावं घेऊन दटावलं आणि टेकडीकडे वळवलं. चढ अर्धा झाला तेव्हा रीपा पडली. मी तिला उचलून तळ्यापर्यंत पळालो, पाण्यात धरली. अंग तव्यासारखं तापलं होतं. ती माझ्या हातात गेली. विहीणबाईंनी बाकीची कुत्री सोडवून पाण्यावर आणली म्हणून ती वाचली. आर्विडनी विचारलं की आता परत चालत जायचं का.

संध्याकाळी तू आलीस, एका डोळ्यावर पट्टी, आणि एकाच डोळ्याने रडलीस. तेव्हा तोंडून पहाटे पाच निघून गेलं. मग ते परत घेता येईना. बाकीच्यांना तुझा नियम माहीत नव्हता, त्यामुळे वेळेची चूक काढावी असं कोणाला वाटलं नाही. त्यांना मी काही शिकवून ठेवलं नव्हतं, एवढं तरी केलं नाही.

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर मी म्हाताऱ्या एडविन उपदेशकांपुढे बसलो. म्हटलं, माझ्या हातून एका जिवाला इजा झाली, मला क्षमेचे शब्द सांगा. त्यांनी नेहमीसारखा हात माझ्या खांद्यावर ठेवायला उचलला आणि विचारलं की ज्याचं ते जनावर, त्याला सांगितलंस का. मी नाही म्हटलं. त्यांनी हात खाली घेतला, कोटाच्या खिशात घातला, आणि म्हणाले की मग माझ्याकडे काय आलास. मी तसाच उठलो. तरीही सहा दिवस लिहिलं नाही. तुला घाई करू नकोस म्हणून लिहिलं होतं, त्यात पिल्लंही वाचतील आणि मीही वाचेन असा हिशोब होता.

फोन करायला हवा होता. तीनदा उचलला. तुझा आवाज ऐकला की मी पुन्हा खोटं बोलेन अशी भीती वाटली.

क्षमा मागतो, पण लगेच दे असं म्हणत नाही.

हागबार्ट

*

पास्विक,
३ ऑगस्ट

हागबार्ट,

तुझं पत्र आज, मंगळवारी मिळालं. डॉक्टर काल येऊन गेले. जवळच्या वाडीत गाय अडली होती, म्हणून तीन दिवस आधीच आले. एका मादीचं ऑपरेशन झालं. ती आता चुलीपाशी पडली आहे, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात पुठ्ठा बांधलाय. दुसरीचं उद्या व्हायचं होतं, ते मी थांबवलं. नर रविवारीच शेतावर गेला. मी फोन करून परत मागितला. ते म्हणाले की पोरांनी त्याला नावसुद्धा ठेवलंय. मागणार नाही आता.

चोवीस तारखेच्या पत्रात खरं लिहिलं असतंस तर तिन्ही माझ्याकडे असती. फोन उचलला असतास तर तिन्ही माझ्याकडे असती. माझा आवाज ऐकून खोटं बोलशील म्हणे. मग मी आरडाओरडा केला असता आणि तू खरं बोलला असतास.

मी तीन आठवडे स्वतःला दोष देत होते. डॉक्टरांपुढे मान खाली घालून बसले. ज्या दोघांना पत्रं गेली, त्यांना आता दुसरी पत्रं लिहिली की दोष कुत्रीत नव्हता. कोणात होता ते लिहिलं नाही. ते तू लिही. पत्ते खाली देते. आणि तुझ्या व्याह्यांनाही सांग, कारण ते त्यांच्या ट्रॉन्हाइममध्ये सांगत फिरतात की गुन्वोरची कुत्री नाजूक असतात. माझ्या मैत्रिणीने ऐकलं.

तू सुरुवातीलाच पिल्लांचं लिहिलंस, त्यामुळे दुसरी वाचली. ते मी तुझ्या बाजूने मोजलं आहे.

क्षमेचं विचारशील तर, तुमच्या मंडळींत शब्द समोरासमोर उच्चारावे लागतात, कागदावर चालत नाहीत. लग्नाला आले की बघू. आले तर. आणि एक सांगून ठेवते, शब्द मी उच्चारले तरी माझी गाडी तुला पुन्हा कधी मिळणार नाही, हिवाळ्यातसुद्धा नाही.

गुन्वोर

*

शीबोटन,
१० ऑगस्ट

चि. गुन्वोर हिस,
अ. उ. आ. वि. वि.

दोघांनाही पत्रं टाकली. नाव, वेळ, अंश, तळ्याचं वळण, सगळं लिहिलं. एकाचं उत्तर अजून यायचं आहे. दुसऱ्याने फक्त एवढं लिहिलं की तुमच्या हाती कुत्री कोणी दिली. मी ते पत्र ठेवलं आहे.

रविवारी व्याही मंडळी लग्नाची बोलणी करायला आली होती. कॉफी झाल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं. मारिट उठून बाहेर गेली. होणारा जावई तिच्या मागे गेला. विहीणबाई म्हणाल्या की मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुमच्या घरचं म्हणून मी बोलले नाही. आर्विड मात्र हसले. म्हणाले की हागबार्ट, तुम्ही फार मनाला लावून घेता, कुत्रं होतं, आणि काही म्हणा, फेरी झकास झाली होती. मग त्यांनी टेकडीवरचे फोटो काढले. एकात रीपा आहे, दोरी ताठ. मी तो मागितला नाही. तुझी कुत्री नाजूक नाहीत, हे मात्र मी त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

मारिट संध्याकाळी आत आली. सरळ भांडी घासायला गेली. दुसऱ्या दिवशी बोलली, पण हवापाण्याचंच.

एडविन उपदेशकांना भेटलो. त्यांना म्हटलं की बहिणीला सांगितलं. ते हात उचलणार, तेवढ्यात मीच थांबवलं. म्हटलं, आधी ती काय म्हणते ते होऊ दे. त्यांनी मान हलवली.

गाडी देऊ नकोस. मी मागणारही नाही. टाके काढायच्या दिवशी कोणी पिल्लू धरायला हवं असेल तर बसने येईन, काम झालं की त्याच बसने परत जाईन. तू घरात घेतलं नाहीस तरी चालेल.

इथे लोक मला समजून घेतात गुन्वोर. पाठीवर हात ठेवतात, विसरा म्हणतात. मंडळींत, दुकानात, धक्क्यावर, सगळे. त्याने मला आणखी लहान झाल्यासारखं वाटतं. माझ्यावर नीट रागावलेली फक्त तू आहेस. तो राग इतक्यात सोडू नकोस. रीपाची किंमत अजून कोणीतरी धरून ठेवली आहे, एवढं मला त्यातून कळतं.

माया उरली असेल तर तीही राहू दे, पण रागानंतर.

तुझा भाऊ,
हागबार्ट