सटवाजीची बाजू

कुरुंदा, ८ जानेवारी २०२५

चि. सौ. चांगुणास दादाचे अनेक आशीर्वाद.

मेंढरांच्या वाडग्याच्या अर्ध्या खुंट्या मी उपटल्या होत्या, तेवढ्यात सटवाजी आला आणि दुसऱ्या टोकाकडून त्या परत ठोकू लागला. धाकटा भाऊ म्हणून हात उचलला न्हाई. शेवटी तुझ्या वहिनीनं चार खुंट्या चुलीत घातल्या, तेव्हा दोघंही थांबलो.

जागा बाबांची, दोघांत सामाईक. मी मेंढरं विकून हळद लावली. पुढच्या महिन्यात ती शिजवायची आहे. पोराला, शिवहारला, रस्त्याकडेच्या त्या जागेवर त्यासाठी शेड टाकायची आहे. सटवाजी तिथं मेंढरं कोंडतो. तू निवाडा करावास, असं दोघांनी ठरवलं. आई गेल्यावर तुला कोणी सांभाळलं, हे तुला लिहायला नको.

लेकरांना जपावं. भावावर माया असू द्यावी.

मसाजी

आखाडा बाळापूर, १२ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन मुद्दाम उचलला नाही. बोललेलं तुम्ही दोघंही उद्या फिरवाल. कागद फिरत नाही.

निवाडा मागितलास आणि त्याच पत्रात मला सांभाळल्याची आठवण दिलीस. आठवण खरी आहे. पण मग मला बहीण म्हणून बोलाव, पंच म्हणून नको.

बाबा पंच म्हणून बसायचे तेव्हा काय करायचे? भांडणाऱ्याला आधी समोरच्याची बाजू मांडायला लावायचे. समोरचा बराबर म्हणेपर्यंत पुन्हा पुन्हा. ते झाल्याशिवाय जे सांगितलं, त्याला बाबा निवाडा म्हणत नसत. मर्जी म्हणत.

तर सटवाजीची बाजू तू लिहून पाठव. तुझी लिहायला त्याला सांगितलं आहे. रागावशील, पण जेवून लिही.

तुझी चांगुणा

कुरुंदा, १६ जानेवारी

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

सटवाजीची बाजू: मी अडाणी आहे, हट्टी आहे. दादाचं बरं चाललेलं मला बघवत न्हाई.

याहून त्याला बाजूच न्हाई. कळावे.

मसाजी

आखाडा बाळापूर, २० जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

वाचून हसू आलं. सटवाजीचं तोंड लावून तूच बोलतो आहेस.

त्यानं लेकीकडून, मंजुषाकडून, तुझी बाजू लिहून पाठवली. ती अशी: शिवहारला नोकरी लागली नाही. आता हळदीतही काही झालं नाही, तर तो पुण्याला रखवालदारी करायला जाईल. एकुलतं पोरगं डोळ्यासमोर राहावं म्हणून दादाला शेड पाहिजे.

बराबर आहे का, तेवढं कळव. आणि त्याची पुन्हा लिही.

तुझी चांगुणा

कुरुंदा, २५ जानेवारी

चि. सौ. चांगुणास आशीर्वाद.

बराबर आहे. त्याला हे कोणी सांगितलं, ठाऊक न्हाई. मी घरातसुद्धा बोललो नव्हतो.

सटवाजीची बाजू: वाटणीत मला माळ आला. माळावर मेंढरंच जगतात. वाडगं गेलं तर रात्री ती कोंडू कुठं? गावात कोणी जागा देत न्हाई. मेंढरं विकली तर मला दुसरं काही येत न्हाई. दादाला शेड शेतातही टाकता येते, फक्त तिथं गाडी जात न्हाई.

त्याला वाचून दाखवलं. बराबर म्हणाला आणि उठून गेला. मी लिहिलं आहे, मान्य केलेलं न्हाई. निवाडा माझ्या उलट गेला तर पंचमीला तुला न्यायला कोणी येणार न्हाई. हे आधीच सांगतो. नंतर काहून म्हणू नको.

मसाजी

आखाडा बाळापूर, २९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मेंढरं आहेत तोवर जागा सटवाजीकडं राहील. शेड तुझ्या शेतात होईल. तिथवर गाडी जाईल एवढा रस्ता सटवाजीनं आपल्या माळातून द्यावा, मोबदला न घेता.

पंचमीचं वाचलं. ते धरून निवाडा केला नाही.

शिवहारला आशीर्वाद. तुझा लोभ मागायचा हक्क आज मला नाही, म्हणून मागत नाही.

चांगुणा

कुरुंदा, ३ फेब्रुवारी

चांगुणाबाईंस शकुबाईचा नमस्कार.

पत्र काल संध्याकाळी आलं. यांनी दोनदा वाचलं. जेवले न्हाईत. आज सकाळी हे आणि सटवाजीभावजी माळावर जाऊन रस्ता आखून आले. दोरीचं एक टोक यांनी धरलं, एक भावजींनी. घरात तुमचं नाव निघालं न्हाई.