चिखलाला न टेकणारं यंत्र

बाबा, आज गोठ्यामागच्या टिनाखाली यंत्र पुन्हा जमिनीवरून उचललं गेलं. चार बोटंच, पण मी वर बसलेला असताना. तुमच्या सुनेनं एका हातानं ढकललं तर ते मला घेऊन भिंतीपर्यंत गेलं. ती हसली, मग म्हणाली, "आता दारापर्यंत सिमेंटचा रस्ता झाला. मंग हे कायले बनवून राहिले तुमी?" मी स्पॅनर शोधण्याचं निमित्त केलं. तिला देता न आलेलं उत्तर खरं म्हणजे तुम्हाला द्यायचं आहे, म्हणून लिहायला बसलो.

तुम्हाला मी हे यंत्र पहिल्यांदा सांगितलं ते चुलीपाशी. माय गेल्यापासून रांधणं तुमच्याकडेच होतं. मी तेव्हा पंचविशीतला, पुस्तकात वाचलेलं घडाघडा सांगत होतो. परदेशात एका माणसानं मोठ्या डब्यात लहान डबा बसवला, मधल्या फटीतून हवा सोडली आणि तिचा जोर तराजूवर मोजला. त्यातून असं वाहन निघालं की पाण्यावर आणि जमिनीवर सारखंच चालतं. पहिल्या यंत्राला झालर नव्हती, बारक्या लाटेलाही ते घासायचं. खाली रबरी झालर लावली, हवा कोंडली, तेव्हा कुठे ते नीट वर राहिलं. तुम्ही भात ढवळत ऐकत होता.

"म्हंजे खाली टेकतच नाही?"

"नाही. हवेवर चालते."

"गाऱ्यात फसन ना पन?"

"फसाले आधी टेकाले तं पायजे, बाबा."

तुम्ही पळी बाजूला ठेवली. "तुया मायले खाटेवर नेलं तवा असं काही असतं तं," म्हणालात. मायला सडकेपर्यंत न्यायला चार माणसं गुडघाभर गाऱ्याचिखलातून चालली होती, खाटेचा एक पाय तुमच्या खांद्यावर होता, आणि सडक लागली तेव्हा ती नव्हती. "यात रोग्याले नेता येईन का?" तुम्ही विचारलंत. मी म्हणालो, "त्याच्यासाठीच तं बनवून राहिलो." दुसऱ्या दिवशी तुम्ही उफणणीचा पंखा माळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलात. धान वाऱ्यावर उफणू, म्हणालात.

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत यंत्र पाण्यानं भरलेल्या बांधीत उतरवलं. स्कूटरचं जुनं इंजिन, प्लायवूडची फळी, ताडपत्रीची झालर. गाऱ्यावरून ते छान सरकलं, पण बांधीच्या कडेच्या पहिल्याच मातीच्या धुऱ्याला झालर अडकली, हवा निघून गेली आणि यंत्र खाली बसलं. रोवणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. शेजारचे काका म्हणाले, "का गा, तुयं विमान तं म्हशीवानी बसलं." बायांतली एक म्हणाली, "म्हैस बरी जी, दूध तरी देते." मी घरी निघून आलो. सकाळी पाहतो तर तुम्ही सडकेच्या रोखानं चारही धुरे फोडलेले. तलावाचं पाणी पाळीनं येतं, रोवण्यात धुरा फोडणं म्हणजे तोंडचा घास नाल्यात सोडणं, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. काका धावत आले. "येडा झाला का गा तू? पोराच्या खेळन्यासाठी धुरा फोडते का कोनी?"

"पानी पुन्हा येईन," तुम्ही म्हणालात. "मानूस येत नाही."

त्या दिवशी यंत्र सडकेपर्यंत गेलं. वर तुम्ही बसला होतात, दोन्ही हातांनी फळी धरून, डोळे मिटून. उतरल्यावर फळीला हात लावून तो कपाळाला लावलात. त्या बांध्यांत त्या वर्षी धान झालं नाही. थोड्याच दिवसांत इंजिन जळालं, मी नोकरी धरून भंडाऱ्याला गेलो, आणि त्या फळीवरून एकही रोगी कधी गेला नाही. तरी तुम्ही दरवर्षी ती चार तोंडं तणसानं आणि मातीनं नुसती बुजवायचात, पक्की करायचा नाहीत. पाणी झिरपत राहायचं. मी एकदा रागावलो तर म्हणालात, "कवा लागन, सांगता येते का?"

तुम्ही गेलात त्यालाही आता खूप वर्षं झाली. नोकरी संपवून मी गावी परतलो आणि यंत्राला दुसरं इंजिन बसवलं. समुद्रावरून मोटारी वाहणारी ती मोठी यंत्रंसुद्धा बंद पडली म्हणतात, दुसऱ्या स्वस्त वाटा निघाल्या. आपल्याकडे रस्ता आला, बरं झालं. रोज संध्याकाळी विहारात पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज बारीक होतो, शेजारी बसणाऱ्यांना वाटतं घसा बसला. बाबा, रोग्यासाठी बनवतो हे मी चुलीपाशी त्या क्षणी, तुमच्या तोंडाकडे पाहून जोडलं होतं. मला फक्त त्या गाऱ्याला पाय न लावता जायचं होतं, ज्यात तुमचा सारा जन्म गेला. हा कागद कुठं धाडायचा नाही, म्हणून एवढंही लिहून टाकतो. आज ते उचललं तेव्हा मला माय आठवली नाही, तुम्हीही नाही. पाय जमिनीपासून सुटले, तेवढंच बरं वाटलं.