डावीकडची जागा

जव्हार,
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. अवंती हिला आईचे भरभरून आशीर्वाद.

ऊन चढले आहे, पण संध्याकाळी पठारावर वारा सुटतो. माझी प्रकृती उत्तम आहे. तुझ्या स्वराला सुट्टीत पियानो शिकायला इकडे सोडायचे म्हणतेस आणि नाशिकहून पुस्तक कोणते घेऊ असे विचारतेस, म्हणून सविस्तर लिहिते.

नवशिक्या मुलाचे पुस्तक उघडताच सुरांच्या खुणांचा आकार पाहावा. खुणा ठळक हव्यात, पानावर गर्दी नको. प्रत्येक खुणेवर बोटाचा आकडा छापलेला असेल, तर ते पुस्तक परत ठेव; मूल आकडा वाचते, सूर वाचत नाही. आरंभ काळ्या पट्ट्यांपासून असेल तर फारच छान! दोनाचा आणि तिनाचा गट चिमुकल्या हाताला डोळे मिटूनही सापडतो.

काही पुस्तकांत पानाच्या तळाशी शिक्षकाची साथ छापलेली असते. मूल उजवीकडे बसून आपले चार सूर वाजवते आणि शिक्षक डावीकडून खर्जाची भर घालतो. मुलाला वाटते, एवढे मोठे संगीत आपणच निर्माण केले. पहिल्या वर्षासाठी याहून सुंदर युक्ती मला ठाऊक नाही. तूही तशाच पुस्तकावर शिकलीस. साथीला तुझे बाबा असत.

तसले पुस्तक स्वरासाठी घेऊ नकोस.

साखरशेतची योगिता आपल्या त्याच जुन्या पुस्तकावर शिकत होती. एका दुपारी मी साथीला बसू लागले, तर म्हणाली, "बाई, तिथं नका बसू. ते बसलेत."

"कोण गं?"

"साथ देतात ते. त्यांची करंगळी बघा कशी ताठ."

एसटीच्या वर्कशॉपमध्ये बाबांची डावी करंगळी चेंगरून कायमची ताठ झाली होती, हे तिला कोणीही सांगितलेले नाही. बाबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती. तिने वाजवायला सुरुवात केली. मी उभीच होते, आणि साथ ऐकू आली. सर्वांत खालचा सूर तेवढा गळत होता. बाबांचा गळायचा, अगदी तसाच.

त्यानंतरही मी धडे चालू ठेवले. ती वाजवी आणि मी दाराशी उभी राहून ऐकत असे.

काल तिची आई रुपी तिला घेऊन आली. "काय शिकवलंत बाई पोरीला? भाकर थापते तर डावी करंगळी वाकतच नाय!"

मी ते बोट हातात घेतले. सूज नाही, वेदना नाही, आणि लवतही नाही. योगिता समजुतीने म्हणाली, "आई, असंच वाजवायचं असतं."

रुपीने पुस्तक उचलून माझ्या शेगडीवर धरले. मी अडवले नाही. योगिताचे धडे मी बंद केले आहेत.

स्वराला इकडे आणू नकोस. तिला तिथेच साधा की-बोर्ड घेऊन दे. पुस्तकाच्या कसोट्या वर दिल्याच आहेत. साथ छापलेले एक पुस्तक मात्र माझ्यासाठी पोस्टाने पाठव. खुणा ठळक असलेले बघ, माझी नजर आता मंदावली आहे. जन्मभर मी मुलांच्या डावीकडे बसले. उजवीकडचे सोपे सूर स्वतः कधी वाजवलेच नाहीत. खालचा भाग कोणाला शिकवावा लागणार नाही.

पुस्तक येईपर्यंत काळ्या पट्ट्यांवर सराव करते आहे.

बाकाच्या उजव्या कडेला सरकून बसलेली,
तुझी आई