दवबिंदूंची सुटका

२ ऑगस्ट
बागप्रेमी मंडळाच्या सभेत आज बोलले. सेक्रेटरी पूर्णिमाबाईंच्या टेबलावर काचेच्या भांड्यात दवबिंदू होतं. सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, दलदलीत उगवणारं, चिकट थेंबांवर किडे धरून खाणारं इवलंसं लाल रोप. दुर्मिळ. कुठून आणलं, विचारलं. म्हणे, बियांपासून वाढवलं. मी एवढंच म्हटलं, की आमच्या कॉन्व्हेंटात खोटं बोलणाऱ्या मुलीला सिस्टर ॲग्नेस व्हरांड्यात उभं करायच्या. सभा गार. लगेच नीती समिती नेमली. अध्यक्ष मी. दुसरं होतं कोण?

५ ऑगस्ट
नियम लिहिले. दोन पानं, इंग्रजीत, म्हणजे कुणी वाद घालणार नाही. रानातलं रोप उपटू नये. विकू नये. अदलाबदल करू नये. सड्याची पाहणी करावी, हा ठरावही जोडला. पूर्णिमाबाईंनी कुठून उपटलं ते दिसेलच.

९ ऑगस्ट
स्वतः आधी बघून यावं म्हणून शाहूवाडीकडचा सडा गाठला. आमच्या यजमानांनी, अमरसिंहांनी, गाडी चालवली आणि उपकार केल्यासारखं तोंड केलं. ओल्या खडकावर लालच लाल. तेवढ्यात एका म्हशीने तीन रोपांवर पाय दिला. माझ्या डोळ्यांदेखत. नियम उपटण्याबद्दल आहे, सुटका करण्याबद्दल नाही. मंडळाने बक्षीस दिलेली, माझं नाव कोरलेली खुरपी सोबत होतीच. चौदा रोपांची सुटका केली.
म्हशीची मालकीण धोंडुबाई जवळ येऊन म्हणाली, “न्हेऊ नगासा, बाई. हितंच बघाय या की.” तिला संवर्धन समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि ताक दिलं. शिक्षणाचा अभाव.

१० ऑगस्ट
चौदा कुंड्या. प्रत्येकीला एकेका सिस्टरचं नाव. बिचारी तिकडे नुसत्या वाळूत आणि पाझरत्या पाण्यात उपाशी होती. शेणखत, गांडूळखत, नळाचं भरपूर पाणी दिलं. या घरातून कुणी उपाशी गेलेलं नाही.
खुरपी सापडत नाही. पूर्णिमाबाई सकाळी वर्गणीची पावती द्यायला आल्या होत्या. नुसतं लिहून ठेवते.

१४ ऑगस्ट
सिस्टर ॲग्नेस काळ्या पडल्या. प्रवासाचा शीण. शिवाय माझ्या घरात किडे नाहीत, मी फवारते. म्हणून प्रत्येकीला मोहरीएवढा मटणाचा खिमा दिला. तिखट न घालता. अमरसिंह म्हणाले, पूर्णिमाबाईंना विचार. त्यानंतर ते जेवेपर्यंत काही बोलले नाहीत. मी बोलू दिलं नाही.

१९ ऑगस्ट
सहा गेल्या. सिस्टर क्लेअरना वास येतो. महापालिकेच्या पाण्याची तक्रार टाइप केली.

२३ ऑगस्ट
जयसिंगपूरची मैत्रीण मोना आली होती. तिला दोन रोपं दिली, तिने एक ऑर्किड दिलं. ही अदलाबदल नव्हे. एकाच दिवशी दिलेल्या दोन भेटी आहेत.

३० ऑगस्ट
मोनाची दोन्ही गेली. माझ्याकडे फक्त सिस्टर बर्नाडेट उरल्या. ऑर्किड मात्र टवटवीत.
पूर्णिमाबाईंच्या दवबिंदूला फूल आलं. ग्रुपवर फोटो. खाली लिहिलंय, फक्त पावसाचं पाणी, खत अजिबात नाही, खताने मरतं. हे कुणाला उद्देशून? मी अंगठा टाकला. बदाम नाही.

४ सप्टेंबर
रविवारी समिती सड्यावर जाणार. ठराव माझाच, विसरले होते. हरकत नाही. सर्वांची नजर चुकवून बर्नाडेटना परत लावीन. याला पुनर्वसन म्हणतात. स्टीलच्या डब्यातून नेईन.

७ सप्टेंबर
खडकावर चौदा चौकोनी खड्डे. पूर्णिमाबाई वाकून म्हणाल्या, हात नीटनेटका दिसतोय. मीही म्हटलं, चोर सुसंस्कृत असावा. इथपर्यंत सगळं ठीक होतं.
मग धोंडुबाई आली. पदराखालून फडकं काढलं, फडक्यातून खुरपी. पूर्णिमाबाईंनी त्यावरचं नाव वाचलं. मोठ्याने.
“तुमची खुरपी ऱ्हायली हुती की, बाई. रोज पुसून ठेवली बघा. आन् ती चौदा पोरं कशी हाईत?”
ती खरंच काळजीने विचारत होती. मी डबा उघडला.
सगळे वाकून डब्यात बघायला लागले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. पूर्णिमाबाई म्हणाल्या, हे आता इथे लावायचं नाही, खताची माती सड्यावर सांडली तर बाकीचीही जातील. रोप ओंजळीत घेतलं, बघते म्हणाल्या. धोंडुबाईने सगळ्यांना ताक दिलं. मलाही.

१५ सप्टेंबर
अध्यक्ष आता पूर्णिमाबाई. बर्नाडेटना नवं पान आलंय, फोटो आला. समितीने माझे नियम ठेवले आहेत, हे नोंदवायला हवं. फक्त सड्याच्या वाटेवर पाटी लावायची म्हणून दोन पानांचं दोन ओळींत, सोप्या मराठीत करून मागितलंय. वेळ आहे म्हणून मलाच.
सकाळपासून बसले. चार कागद फाडले. काहीही लिहिलं तरी शेवटी रोपं नेताना मला अडवत धोंडुबाई म्हणाली होती तेच होतंय. तेच पाठवलं. खाली माझं नाव घातलं होतं, ते खोडलं.